रात्रीचा श्वास, सकाळचं रक्त

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण परभणीबाहेरच्या माणसाला ऐकवली की तो हसतो. परभणीचा माणूसही हसतो, पण छाती थोडी पुढे काढून. म्हण नेमकी कशावरून पडली यावर आमच्याकडे चहाच्या टपऱ्या आहेत तेवढी मतं आहेत. त्या वादात मी पडत नाही. पण गेल्या दोन वर्षांत मी ज्या विषयाचा इतिहास हौसेनं वाचतोय, त्यात जर्मनी आणि परभणी खरोखरच एका ओळीत येतात. विषय आहे घोरण्याचा. म्हणजे घोरता घोरता श्वास थांबण्याचा, आणि त्या थांबलेल्या श्वासाची नोंद रक्तात कशी उमटते याचा.

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात १९६५ साली युंग आणि कूलो या दोन डॉक्टरांनी रात्री झोपलेल्या रुग्णांचे श्वास मोजले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मार्सेय इथे गास्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच केलं. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसली. माणूस झोपला की त्याचा घसा आतून मिटतो, छाती-पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. मग मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, मोठा फुर्रर्र आवाज होतो, श्वास सुरू होतो, आणि पुन्हा तेच. रात्रभर. सकाळी त्या माणसाला यातलं काही आठवत नाही. यालाच आज स्लीप ॲप्निया म्हणतात.

मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग करून पुण्यात कोड लिहितो. पण आमच्या धंद्यात एक सवय लागते. सिस्टिम रात्री तीन वाजता पडली आणि सकाळी आपोआप उठून बसली, तर सकाळी तिच्याकडे बघून काही कळत नाही. लॉग उघडावे लागतात. माणसाच्या शरीरात असे लॉग कुठे असतात, हा प्रश्न घेऊन मी या इतिहासात शिरलो. उत्तराचा एक भाग रक्तात सापडला. पण ते लॉग वाटतात तितके सरळ वाचता येत नाहीत, हेही तिथेच कळलं.

जाड माणसाची झोप

घोरणं हा आपल्याकडे विनोदाचा विषय. कुंभकर्णापासून सुरुवात करायची आणि लग्नघरातल्या एखाद्या काकांवर येऊन थांबायचं. 'डाराडूर झोपलाय' यात कौतुकच असतं. ज्याला गादीवर पडल्या पडल्या झोप लागते तो सुखी, आणि जो घोरतो तो तर महासुखी, असा समज.

जुन्या वैद्यांनी मात्र जाडी आणि झोप यांचा संबंध टिपून ठेवला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या ज्या अध्यायात अतिस्थूल माणसाचे दोष सांगितले आहेत, त्याच अध्यायात पुढे झोपेची चर्चा येते. सुश्रुतसंहितेत स्थूल माणसाच्या तक्रारींच्या यादीत धाप, तहान, भूक, घाम यांच्याबरोबर जास्तीची झोप आहे आणि 'क्रथन' नावाची एक तक्रार आहे. तिचा अर्थ श्वास अचानक अडणं असा लावला जातो. म्हणून लगेच 'आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' अशी दवंडी पिटायची गरज नाही. लक्षणं एका यादीत येणं आणि त्यांचं कारण कळणं यात मोठं अंतर आहे. पण बघणारे डोळे होते, एवढं मान्य करायला हरकत नाही.

युरोपात हे काम आधी एका कादंबरीकारानं केलं. चार्ल्स डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये, १८३६-३७ साली, जो नावाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे. तो उभ्या उभ्या झोपतो, काम करता करता झोपतो आणि घोरतो. वाचक शंभर वर्षं त्याला हसले. १८७७ साली विल्यम ब्रॉडबेंट या इंग्रज डॉक्टरनं 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की उताणं झोपून जोरात घोरणाऱ्या वयस्क माणसांत मध्येच घोरणं बंद होतं, छाती ओढत राहते पण घशातला अडथळा हटत नाही, आणि थोड्या वेळानं मोठ्या आवाजासह श्वास परत येतो. वर्णन इतकं नेमकं आहे की आजच्या पुस्तकात छापता येईल. पण ब्रॉडबेंट लिहीत होते दुसऱ्याच आजाराबद्दल, आणि हे निरीक्षण कडेला पडून राहिलं.

निजामाच्या राज्यात श्वासाचं भांडण

ब्रॉडबेंट यांच्यानंतर दहा-बारा वर्षांनी श्वासावरचं एक जगप्रसिद्ध भांडण आमच्याच राज्याच्या राजधानीत झालं. 'आमच्या' म्हणजे हैदराबादच्या. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. तेव्हा परभणीच्या माणसानं हैदराबादचा इतिहास परका मानायचं कारण नाही.

हैदराबादमध्ये एडवर्ड लॉरी नावाचे रेसिडेन्सी सर्जन होते. ऑपरेशनच्या वेळी क्लोरोफॉर्म देताना रुग्ण मरायचे. त्यांचा आधी श्वास थांबतो की आधी हृदय, हा प्रश्न होता. लॉरी यांचं ठाम मत होतं की आधी श्वासच थांबतो, म्हणून नाडीवर बोट ठेवून बसू नका, श्वासाकडे बघा. हे सिद्ध करायला १८८८ साली पहिलं हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन झालं. 'लॅन्सेट'ला ते पटलं नाही. मग सहावे निजाम महबूब अली खान यांनी खर्चासाठी १००० पौंड दिले, लंडनहून लॉडर ब्रंटन हे नामांकित डॉक्टर आले, आणि १८८९ साली दुसरं कमिशन बसलं. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरी यांच्या बाजूनं लागला.

पुढे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये हृदयाची लय बिघडून तेच आधी थांबू शकतं. म्हणजे लॉरी यांचा 'नेहमीच' चुकीचा होता. पण 'श्वासाकडे बघा' हा सल्ला त्यामुळे वाया गेला नाही. बेशुद्ध माणसाचा घसा सैल पडतो, जीभ मागे जाते, हवेची वाट बंद होते. झोपेतही थोड्या प्रमाणात हेच होतं. फरक एवढाच की ऑपरेशन टेबलाशी कुणीतरी डॉक्टर उभा असतो. घरी रात्री दोन वाजता शेजारी बायको असते.

डोंगरावरचं रक्त

आता रक्ताकडे. श्वास कमी पडला तर रक्त काय करतं, हे पहिल्यांदा नीट कळलं ते झोपेच्या नाही, डोंगराच्या अभ्यासातून. १८९० साली फ्रान्स्वा व्हिओ हा फ्रेंच संशोधक पेरू देशात मोरोकोचा इथल्या खाणींवर गेला. ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार मीटरवर. जाताना त्यानं स्वतःच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोजल्या होत्या. एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे ५० लाख. तीन आठवड्यांनी वर मोजल्या तर ७० लाखांच्या पुढे. हवा विरळ, प्राणवायू कमी, म्हणून शरीरानं प्राणवायू वाहणारे हमाल वाढवले.

पण हमाल वाढवण्याचा हुकूम कोण देतं? १९०६ साली पॅरिसमध्ये कार्नो आणि देफ्लांद्र यांनी मांडलं की रक्तातच एक संदेशवाहक पदार्थ असला पाहिजे. त्याला पुढे एरिथ्रोपोएटिन हे नाव मिळालं. तो शुद्ध स्वरूपात हाती यायला १९७७ उजाडलं. जपानमधल्या कुमामोतोचे डॉक्टर ताकाजी मियाके यांनी एका विशिष्ट रक्तविकाराच्या रुग्णांचं २५५० लिटर मूत्र जमवलं, ते घेऊन ते शिकागोला यूजीन गोल्डवासर यांच्याकडे गेले, आणि एवढ्यातून काही मिलिग्रॅम पदार्थ निघाला. हा पदार्थ मुख्यतः मूत्रपिंडात बनतो. प्राणवायू कमी झाल्याचं पेशीला कळतं कसं, याचा उलगडा करणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं.

आता परभणीचा विचार करा. आमचं गाव समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास. डोंगर म्हणावा असं काही दिसायला जिंतूरकडे जावं लागतं. पण गंभीर स्लीप ॲप्निया असलेला माणूस वसमत रोडवरच्या आपल्या घरात गादीवर पडल्या पडल्या रात्रीतून शेकडो वेळा त्या पेरूच्या खाणीवर चढतो आणि उतरतो. रक्तातला प्राणवायू ९६ टक्क्यांवरून ८० वर, कधी ७० वर, मग परत ९६. मूत्रपिंडाला गादी आणि डोंगर यातला फरक कळत नाही. त्याला फक्त प्राणवायू कळतो.

पत्ते हातात घेऊन झोपलेला माणूस

जाडी, झोप आणि रक्त या तिन्ही गोष्टी एका टेबलावर आल्या १९५६ साली, अमेरिकेत बोस्टनमध्ये. सिडनी बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ५१ वर्षांच्या व्यावसायिकाची हकिकत छापली. वजन ११८ किलोच्या आसपास. हा गृहस्थ दर आठवड्याला पोकर खेळायचा. एकदा त्याला तीन एक्के आणि दोन राजे अशी जबरदस्त पानं आली, आणि तो पानं हातात धरून झोपला. डाव गेला. एवढी पानं आलेला माणूस झोपतो म्हणजे काहीतरी गंभीर आहे हे त्याच्या मित्रांना कळलं, आणि थोड्याच दिवसांत तो दवाखान्यात भरती झाला.

बर्वेल यांनी डिकन्सच्या पोऱ्याची आठवण ठेवून या आजाराला 'पिकविकियन सिंड्रोम' म्हटलं. त्याच्या लक्षणांच्या यादीत लठ्ठपणा, पेंग, निळसर कांती, थांबत थांबत चालणारा श्वास आणि हृदयावरचा ताण यांच्याबरोबर एक लक्षण होतं तांबड्या पेशींची वाढ. म्हणजे या आजाराचं आधुनिक बारसं झालं तेव्हापासून रक्त त्यात आहे.

गंमत म्हणजे बर्वेल यांचं कारण अर्धवट होतं. जाडीमुळे छाती नीट फुगत नाही, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि म्हणून पेंग येते, असं त्यांना वाटलं. ते त्या रुग्णात काही अंशी खरंही होतं. पण घशाचं दार रात्री मिटतं हे त्यांना दिसलं नाही, कारण अशा रुग्णांच्या तपासण्या दिवसा व्हायच्या. त्यासाठी फ्रायबुर्ग आणि मार्सेयला कुणीतरी रात्रभर जागावं लागलं. आमच्या भाषेत सांगायचं तर नऊ वर्षं सगळे चुकीच्या वेळेचे लॉग बघत होते.

दार उघडं ठेवण्याच्या दोन रीती

घशात अडथळा आहे हे कळल्यावर उपाय सुचला तो अघोरी होता. १९६९ साली कूलो आणि सहकाऱ्यांनी गळ्याला खालून भोक पाडून श्वासनळीत कायमची नळी बसवली. घसा मिटला तर मिटू दे, हवा खालून जाईल. रुग्णाची दिवसाची पेंग गेली. सत्तरच्या दशकात, स्टॅनफर्डमध्ये गिलमिनो आणि त्यांचे सहकारी या आजाराला त्याचं आजचं नाव देत होते तेव्हाही, गंभीर रुग्णासाठी हाच खात्रीचा इलाज होता. पण गळ्याला भोक घेऊन जगायचं म्हणजे पोहणं नाही, आवाज बदललेला, जंतुसंसर्गाची भीती. बरेच रुग्ण नको म्हणायचे.

असाच एक रुग्ण जून १९८० मध्ये सिडनीत कॉलिन सलिव्हन यांच्यासमोर होता. भोक नको, दुसरं काही असेल तर करा, असं त्याचं म्हणणं. सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या जातीची मोटर उलटी वापरली. हवा ओढायच्या ऐवजी नाकातून आत ढकलायची. दाब अगदी थोडा, पाण्याच्या साडेचार ते दहा सेंटिमीटर स्तंभाएवढा. सायकलच्या ट्यूबमधली हवा जशी रबराला आतून उभं धरते, तशी ही हवा घशाला आतून उभं धरते. एप्रिल १९८१ मध्ये 'लॅन्सेट'ला पाच रुग्णांची हकिकत आली. याच यंत्राला आज सीपॅप म्हणतात. इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. सीपॅप म्हणजे ऑक्सिजन सिलिंडर नाही. त्यातून खोलीतलीच हवा येते. ते फक्त दार उघडं ठेवतं.

इलाजानंतर रक्तात काय बदलतं

दार उघडलं, डोंगर संपला, तर रक्त परत खाली आलं पाहिजे. हा तर्क तपासायला लोक लागले आणि इथून गोष्ट रंगते.

फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला जाँ क्रीजर यांनी १९९० साली दाखवलं की सीपॅप लावल्यावर हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला पेशींचा हिस्सा, एका रात्रीत खाली येतो. वाचताना मी इथे अडखळलो. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. एका रात्रीत पेशी कमी कशा होतील? होत नाहीत. हेमॅटोक्रिट हे गुणोत्तर आहे. वरचा आकडा तसाच ठेवून खालचा वाढला तरी गुणोत्तर उतरतं. बंद घशाविरुद्ध छाती जोर लावते तेव्हा हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो. त्याला वाटतं शरीरात पाणी जास्त झालं. तो एक संप्रेरक सोडतो आणि मूत्रपिंड मीठ-पाणी बाहेर टाकतं. म्हणून या रुग्णांना रात्रीतून तीन-चारदा लघवीला उठावं लागतं, आणि आपल्याकडे ते बिचारे प्रोस्टेट नाहीतर शुगर तपासत बसतात. पाणी गेलं की उरलेलं रक्त दाट. सीपॅप लावला की हा ताण जातो, पाणी रक्तात टिकतं, रक्त पातळ होतं. पेशींचं उत्पादन कमी होण्याचा परिणाम दिसायचा तर तो नंतर, हळूहळू.

नव्वदच्या दशकात आणखी पुरावे आले. झोपेत श्वास अडणाऱ्यांच्या प्लेटलेट एकमेकींना जास्त चिकटतात आणि सीपॅपनं ते कमी होतं, असं १९९५ च्या एका छोट्या अभ्यासात दिसलं. जपानी डॉक्टरांनी १९९६ ला दाखवलं की रक्त गोठायला मदत करणारं फायब्रिनोजेन या रुग्णांत सकाळी वाढलेलं असतं आणि इलाजानंतर ती सकाळची वाढ दिसत नाही. आमच्याकडे हृदयाच्या झटक्यानंतर 'रक्त घट्ट झालं होतं म्हणे' असं ओसरीवर बोलतात. ते अगदीच निराधार नाही, असं हे अभ्यास वाचून वाटतं. पण अभ्यास लहान होते, हे विसरून चालत नाही.

मग आला भारताचा अध्याय. डिसेंबर २०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या मोठ्या नियतकालिकात दिल्लीच्या एम्समधला अभ्यास छापून आला. रुग्ण ८६. तीन महिने खरा सीपॅप आणि तीन महिने खोटा सीपॅप, म्हणजे मास्क तोच पण दाब पुरेसा नाही. निष्कर्ष असा की खऱ्या सीपॅपनं रक्तदाब, कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड आणि साखरेचा तीन महिन्यांचा आकडा, सगळंच सुधारतं. भारतीय रुग्ण, भारतीय डॉक्टर, जगातलं पहिल्या रांगेतलं मासिक. बातम्या झाल्या. दोन वर्षांनी, २०१३ च्या ऑक्टोबरअखेर, लेखकांनीच तो लेख मागे घेतला, कारण मूळ आकडेवारीत चुका निघाल्या होत्या.

हे वाचून मला वाईट वाटलं, पण लेख मागे घेणं हीही नोंदच आहे. चुकीचा आकडा जाहीरपणे खोडला गेला. आजही वेबवर 'सीपॅप लावा, कोलेस्टेरॉल उतरवा' अशी वाक्यं फिरतात, आणि त्यांचं मूळ कुठे आहे हे सांगणाऱ्याला ठाऊक नसतं.

शेवटचा धक्का २०१६ चा. सेव्ह नावाच्या मोठ्या चाचणीत आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २७१७ ॲप्नियाचे रुग्ण होते. सरासरी पावणेचार वर्षं लक्ष ठेवलं. सीपॅप दिलेल्यांत हृदयविकार, पक्षाघात किंवा त्यामुळे होणारे मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. घोरणं, दिवसाची पेंग आणि मनाची अवस्था मात्र सुधारली. एक आकडा इथे महत्त्वाचा आहे. रुग्णांनी यंत्र सरासरी रात्री ३.३ तास लावलं होतं. रात्र सात तासांची असेल तर निम्मी रात्र ते अजून डोंगरावरच होते. म्हणून यंत्र निरुपयोगी आहे असं या चाचणीतून निघत नाही. आणि ते सात तास लावलं असतं तर जीव वाचले असते, असंही सिद्ध होत नाही.

'रक्त भरपूर आहे'

आता परभणीत येऊ. माझे एक मामा मानवतच्या जिनिंगमध्ये मुनीम होते. पंचावन्नाव्या वर्षी एका मोफत शिबिरात त्यांचं हिमोग्लोबिन १८.३ निघालं. आमच्याकडे हा अभिमानाचा विषय झाला. मराठवाड्यात बाईचं रक्त कायम कमी असतं, तिला लोहाच्या गोळ्या आणि बीट-गूळ-शेंगदाण्याचे सल्ले मिळतात. तिथे पुरुषाचं रक्त १८ म्हणजे खाल्ल्यापिल्ल्या घरची खूण. 'दाजींचं रक्त भरपूर आहे,' असं पाहुणे म्हणायचे. मामा दुपारी वहीवर डोकं टेकून झोपायचे त्याला 'आता वय झालं' हे उत्तर होतं.

मामी एकटीच वेगळं सांगायची. ती गंगाखेडची, शब्दाला पक्की. "अरे, यांचा श्वासच थांबतो रे रात्री. मी मोजते. वीस मोजेपर्यंत येत नाही कधी कधी. मग मी हलवते." सगळे हसायचे. मामा म्हणायचे, "ती जागीच असते म्हणून तिला ऐकू येतं." ती जागी का असते, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही.

प्रश्न पुढे नेला तो कोरोनानं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यानं १९७४ साली ज्याचं तत्त्व शोधलं, तेच ते. आओयागी २०२० च्या एप्रिलमध्ये वारले, आणि त्यांची कल्पना त्यानंतर वर्षभरात परभणीच्या मेडिकल दुकानांत रांगा लावून विकली जात होती. ९४ च्या खाली गेलं की धावपळ, हे लहान पोरांनाही पाठ झालं होतं. लाट ओसरल्यावर मामीनं एका रात्री झोपलेल्या मामांच्या बोटाला ते लावलं आणि मला फोन केला. "चौऱ्याहत्तर दाखवतंय, आता नव्वद, आता परत अठ्ठ्याहत्तर. यंत्र बिघडलं का रे?"

यंत्र बिघडलं नव्हतं. पुढे झोपेची तपासणी झाली, तासाला ४७ अडथळे निघाले. तासाला ३० च्या वर असले की गंभीर समजतात. रक्ताच्या डॉक्टरांनी जॅक-२ ही जनुकाची तपासणीही करून घेतली, कारण तांबड्या पेशी वाढायचं कारण अस्थिमज्जेचा आजारही असू शकतं आणि त्याचा इलाज वेगळा. ती निगेटिव्ह आली. सीपॅप घरी आलं. उन्हाळ्यात लाइट गेली की मास्क काढून बसायचं, म्हणून इन्व्हर्टरही आला. आठ महिन्यांनी हिमोग्लोबिन १६.१ झालं.

पण या आकड्यावर मी फार उड्या मारत नाही. याच आठ महिन्यांत मामांनी सिगारेट सोडली, आणि सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइडही हिमोग्लोबिन वाढवतो. वजनही सहा किलो उतरलं. बोस्टनच्या पत्तेवाल्याचंही दवाखान्यात वजन उतरलं आणि तो सुधारला, तिथेही कशानं काय झालं हे सुटं करणं सोपं नव्हतं. एका माणसाच्या रिपोर्टवरून इलाजाचं श्रेय वाटायला बसलं की २०११ चा लेख आठवावा.

रिपोर्ट नॉर्मल म्हणजे काय

आणखी एक गोष्ट आमच्या भागासाठी जास्त महत्त्वाची वाटते. स्लीप ॲप्निया असलेल्या बहुतेकांचं हिमोग्लोबिन नॉर्मलच असतं. ते १८ ला पोचतात ते थोडे. मूत्रपिंडानं हुकूम दिला तरी माल तयार करायला अस्थिमज्जेला लोह लागतं. लोहच नसेल तर हुकूम कागदावरच राहतो. म्हणजे ज्या बाईचं हिमोग्लोबिन मुळात १० आहे, तिचा श्वास रात्री कितीही अडला तरी रक्ताचा रिपोर्ट 'रक्त कमी' एवढंच म्हणेल. पाळी थांबल्यावर बायकांमध्येही हा आजार वाढतो. थकवा आहे, डोकं दुखतं, झोप पुरत नाही, या त्यांच्या तक्रारींवर लोहाची गोळी लिहून मिळते आणि विषय संपतो. तिच्या शेजारी झोपलेला नवरा श्वास मोजत बसलाय, असं चित्र माझ्या तरी पाहण्यात नाही.

भारतात या आजाराचं प्रमाण किती, याचा पहिल्या काही अभ्यासांपैकी एक मुंबईत झाला. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ साली तो छापला. ३५ ते ६५ वयाच्या, नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या पुरुषांत १९.५ टक्क्यांना झोपेत श्वासाचे अडथळे होते आणि ७.५ टक्क्यांना त्याबरोबर दिवसाची पेंगही होती. अभ्यास शहरी पुरुषांचा होता. परभणीच्या बायका त्यात असण्याचा प्रश्नच नव्हता. १५ फेब्रुवारी २०२२ ला मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी कारणांत या आजाराचं नाव घेतलं आणि दोन दिवस सगळ्या वाहिन्यांवर घोरण्याची चर्चा झाली. मग ती थांबली.

२००८ साली कॅनडातल्या टोरोंटोच्या फ्रान्सिस चुंग यांनी या आजाराचा संशय घेण्यासाठी चार साधे प्रश्न तयार केले. जोरात घोरता का? दिवसा थकवा असतो का? झोपेत तुमचा श्वास थांबल्याचं कुणी पाहिलंय का? रक्तदाब आहे का? चुंग या भूलतज्ज्ञ आहेत. ऑपरेशनच्या आधी ज्याचा घसा मिटू शकतो असा माणूस ओळखता यावा, हा त्यांचा हेतू. म्हणजे हैदराबादेत लॉरी यांनी जो सल्ला देऊन भांडण ओढवून घेतलं, त्याच धंद्यातल्या माणसाकडून तो सव्वाशे वर्षांनी प्रश्नावलीच्या रूपात परत आला.

या चार प्रश्नांना सुई लागत नाही, लॅब लागत नाही, पैसे लागत नाहीत. आमच्याकडे गावोगाव रक्ततपासणीची शिबिरं होतात, मांडव पडतो, फॉर्म भरले जातात. त्या फॉर्मवर तिसरा प्रश्न छापला, आणि तो माणसाबरोबर आलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला विचारला, तर हिमोग्लोबिनच्या आकड्याला अर्थ येईल. मामी अजून मामांच्या आधी झोपत नाही. आधी मास्कची पट्टी तपासते, मग दिवा घालवते. आता मोजायची गरज नाही, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "सवय गेली नाही. पण आता वीसच्या पुढे जावं लागत नाही."